बोलक्या भिंतीने गिळलेलं नाव

अन्याय झाला तो धाकूबुवा घाडी यांच्यावर. माघातल्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, लालबागमध्ये, भर रस्त्यात मांडव घालून, पाहुण्यांच्या हस्ते आणि टाळ्यांच्या कडकडाटात. धाकूबुवा तिथे नव्हते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसावर अन्याय होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच पान उलटावं. बाकीच्यांनी बसा, सांगते.

मी कुडाळकडची. आमच्या गावच्या वाचनालयात पाचसहा जणांचा गट आहे. एसटीच्या बंद केलेल्या फेऱ्या, दवाखान्यात नसलेला डॉक्टर असल्या गोष्टींवर आम्ही पत्रकं काढतो. लिहायचं काम माझं, कारण बाकीचे फार सभ्य लिहितात. यंदा आमच्या बाजारात, स्टँडच्या लांब भिंतीवर ‘बोलकी भिंत’ करायचं घाटतंय. म्हणजे भिंतीवर पेटी, पखवाज, टाळ, गाणारी माणसं रंगवायची आणि चित्रात पितळी चकत्या बसवायच्या. चकतीला हात लावला की त्या वाद्याचा किंवा माणसाचा आवाज येतो. मुंबईत एकाच संस्थेने अशा दोन भिंती केल्यात, एक गिरगावात आणि एक लालबागला. त्या बघून ये, आणि गावाने हो म्हणावं की नाही ते लिहून दे, म्हणून गटाने मला चार दिवस पाठवलं. जाताना मी हो म्हणायच्याच तयारीने गेले होते.

गिरगाव

उतरले चिंचपोकळीला, नंदूमामाकडे. मामा बँकेत शिपाई आहे आणि चाळीच्या भजन मंडळात पखवाज वाजवतो. हे दुसरं काम तो पहिल्यापेक्षा मोठं मानतो. माझ्यासाठी त्याने रजा टाकली होती. “आधी गिरगाव,” तो म्हणाला. “गोड आधी खायचं, तिखट मागून.” तेव्हा मला त्याचं बोलणं कळलं नाही.

गिरगावातली भिंत म्हणजे खरं तर एक जिना आहे. दोन वाड्यांच्या मधल्या बोळात दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांवर पेटीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या. पाय ठेवला की सूर येतो. पण पाय अनवाणी हवा, चपलेतून त्या यंत्राला माणूस कळत नाही. आमच्याकडेही भजनाच्या जाजमावर कुणी चपला घालून चढत नाही, तेव्हा मला ते फारच आवडलं. फक्त आमचं जाजम सावलीत असतं. आम्ही गेलो भर दुपारी बाराला. पहिल्या पायरीवर ‘सा’ वाजला, दुसऱ्या पायरीवर मी किंचाळले आणि पुढचं सप्तक मी एका दमात, उड्या मारत, कुठल्याही रागात न बसणाऱ्या क्रमाने वाजवलं.

वर कठड्याला टेकून लेंगा-सदऱ्यातले एक आजोबा उभे होते. ते म्हणाले, “मुली, कोमल गंधारावर इतकं नाचू नये.”

“आजोबा, तो कोमल नाही, तापलाय,” मामा खालून ओरडला.

आजोबा हसले आणि आम्हाला सावलीत घेऊन गेले. तिथे भिंतीवर तंबोरे घेतलेली माणसं रंगवली होती आणि प्रत्येकाखाली पितळी पाटी. पाटीवर गवयाचं नाव, त्यांच्या गुरूचं नाव, गुरूच्या गुरूचं नाव, ते कुठल्या वाडीत राहायचे, कुठल्या खोलीत शिकवायचे. एका बाईंच्या चित्राला मी हात लावला. आधी नुसता तंबोरा जुळत राहिला. एक तार उतरली, चढली, परत उतरली. मग बाई खाकरल्या. कुणाला तरी म्हणाल्या, “दार लोटून घे गं.” आणि मग गाणं सुरू झालं.

“ते खाकरणंसुद्धा ठेवलंय हं,” आजोबा अभिमानाने म्हणाले. “आम्ही सांगितलं होतं, काही कापायचं नाही.”

मी वहीत लिहिलं: ‘उत्तम. गावाने हो म्हणावं.’ मग कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही पियूष प्यायलो. घट्ट, पिवळं, जायफळाच्या वासाचं. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात. इथे हे देतात, आणि मला त्यांच्याशी काही भांडण नाही. निदान त्या दुपारी नव्हतं.

लालबाग

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिंचपोकळीहून चालतच लालबागला गेलो. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते मिरचीचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मागाहून आलेलं मिरचीचं नव्हतं.

एका बंद गिरणीच्या कुंपणाची भिंत अजून उभी आहे. आत गिरणी नाही, काचेचा उंच टॉवर आहे. भिंत तेवढी ठेवली, कारण ती ‘वारसा’ आहे. आत काम करणारी माणसं वारसा नव्हती, त्यामुळे ती गेली. त्या भिंतीवर चित्र मात्र देखणं आहे, खोटं कशाला बोलू? साच्यांवर, म्हणजे मागांवर, ताणलेले धागे पुढेपुढे जाऊन पेटीच्या पट्ट्या होतात, धुराड्यातून धुराऐवजी टाळ उडतात. मधोमध हिरव्या लुगड्यातली एक बाई मांडी घालून गातेय, आणि तिच्या गळ्याशी पितळी चकती. वर मोठी अक्षरं: ‘गिरणगावचा आवाज’.

समोर पाचसहा जण होते. एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “इसको दबा, आजी गाती है.” मैत्रिणीने दाबली.

आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. खरबरीत, खणखणीत, विहिरीच्या तळातून वर येणारा. असा आवाज मी आमच्या जत्रेतही ऐकलेला नाही. वीसेक सेकंद गजर झाला आणि थांबला. मुली हसल्या, फोटो काढून गेल्या.

मी मामाकडे बघितलं. मामा भिंतीकडे बघत नव्हता.

“मामा, हे मधूनच सुरू झालं. गुरूचं नाव कुठे गेलं?”

“तुलाही कळलं ना?” मामा म्हणाला. “चला, म्हणजे मी एकटाच येडा नाय.”

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या भजनात बुवा बसला की आधी गुरूचं नाव घेतो. पेटीचा एक सूर धरून, मोकळ्यावर, तालाशिवाय. पखवाजवाल्याचे हात तेव्हा मांडीवर असतात. नाव झालं की मग थाप, मग देव. डबलबारी असली, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून कोड्यात पकडत असले, तर समोरचा बुवा याचीच वाट बघत असतो. नाव चुकलं, की तो उभा राहून भर मंडपात म्हणतो, “निगुरो!” निगुरा म्हणजे ज्याला गुरू नाही तो. आमच्याकडे याहून मोठी शिवी भजनात नाही. आईवरून दिलेली शिवी माणूस चहापर्यंत विसरतो, ही नातवंडांपर्यंत जाते.

आणि ही भिंत त्या बाईला दिवसभर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बोटाने, निगुरी म्हणवत होती.

मी पाटी शोधली. होती. पितळी नव्हे, रंगाने लिहिलेली, गुडघ्याच्या उंचीवर. ‘भजन. गायिका: अज्ञात गिरणी कामगार स्त्री.’

“अज्ञात?” मी म्हणाले.

मामाने नुसता हात वर केला. रस्त्यापलीकडच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावर, एक खिडकी बंद होती. एवढ्या उकाड्यात त्या अख्ख्या मजल्यावर तेवढीच बंद. “ती अज्ञात बाई तिथे राहते. भिंतीपासून दगड मारला तर लागेल. शेवंती धुरी. चल.”

शेवंतीबाय सत्तरी ओलांडलेल्या, काटक, कपाळावर गोंदण. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“खयची गो तू?”

“कुडाळची.”

“मग आत ये. भायर उभी रवान काय भिक मागतंस?”

खोलीत पंखा होता, पेटी होती, भिंतीवर हार घातलेल्या एका माणसाचा फोटो होता. पाचच मिनिटांत पुढ्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी आली. आमटीला आमच्या घरच्या आमटीपेक्षा तिखट जास्त आणि खोबरं कमी होतं. “लालबागचा मसालो,” त्या म्हणाल्या. “कोकण इकडे येताना वाटेत तापलां.”

मी दुसरा घावणा मोडत होते तेवढ्यात खालून, बंद खिडकीतूनही, त्यांचाच आवाज आला. कुणीतरी चकती दाबली होती. शेवंतीबायनी हातातलं पातेलं तसंच ठेवलं, डोळे मिटले आणि पुटपुटल्या:

“धाकूबुवा घाडी माझे, त्यांच्या पायी माथा, मग देवा तुझी कथा.”

खाली गजर चालूच होता. त्यांची ओळ संपेपर्यंत तो अर्धा झाला होता.

“बघितलंस?” त्या म्हणाल्या. “दरवेळेक उशीर. कोण कधी हात लावतलो, माका काय म्हायत? माजो आवाज ऐकू येता तेव्हा कळता. म्हणजे गाणां आधी, नाव मागाहून. उलटां.”

सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्यांचं हे असं चालतं. बाजारात जायचं सोडलंय, कारण घरात नसताना कुणी दाबलं तर मागाहूनसुद्धा नाव घेणारं कुणी नाही. खिडकी बंद करून बघितली, आवाज यायचा तो येतोच. सून म्हणते, कापूस घाला कानात. त्या म्हणतात, “कापूस घातलो तर पाप मिटता काय गो?”

मी फोटोकडे बघितलं. तेच धाकूबुवा.

ते साचेखात्यात कामाला होते. पाळी सुटली की याच चाळीच्या तळमजल्यावर भजन शिकवायचे. शेवंती चौदा वर्षांची, नळावर पाणी भरता भरता बाहेरून ऐकायची आणि हंडा वाहून गेला तरी तिला कळायचं नाही. एकदा आतल्यांपैकी कुणालाच चाल उचलता येईना, ती हिने बाहेरून म्हटली. बुवा दारात आले आणि म्हणाले, “हंडो ठेव. आत ये.” तेव्हा बाई बारीला बसत नसे. मंडळातली माणसं बुवांना म्हणाली, ती तरी नाहीतर आम्ही तरी. बुवांनी हिला ठेवलं. पखवाजवाला गेला, टाळकरी गेले, गावोगावची आमंत्रणं बंद झाली. ज्या बुवाला ऐकायला गिरण्यांची माणसं रस्ता अडवून बसायची, तो एका मुलीला शिकवत खोलीत बसला.

“आणि पहिल्या बारीक मी काय केलंय सांगू?” शेवंतीबायंचा आवाज खाली आला. “समोर एवढी माणसां. सगळी हसूक तयार. माझी वाचा गेली. पेटी धरलंय नि थेट गजर सुरू केलंय. बुवांचां नावच घेवक नाय. समोरचो बुवा उठलो. ‘निगुरी!’ माणसां हसली गो. धाकूबुवा पुढच्याच रांगेत होते. माझ्यासाठी सगळां घालवलेलो माणूस, नि मान खाली घालून बसलो. एक शब्द बोललो नाय. घरी येवन म्हणालो, ‘गळो चांगलो लागलो हा आज.’”

त्यानंतर त्यांनी एकदाही, कधीही, अगदी नातवंडाला झोपवतानाही, ते नाव घेतल्याशिवाय तोंड उघडलेलं नाही. ध्वनिमुद्रणाला संस्थेची माणसं घरी आली तेव्हाही बजावलं होतं, नाव आधी हां. तो माणूस ‘हो आजी’ म्हणाला होता. त्याच्या यंत्रासमोर नाव घेऊनच त्या गायल्या होत्या.

मग तो रविवार. शेवंतीबायना दुसऱ्या रांगेत खुर्ची दिलेली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून त्या बसल्या. पाहुण्यांनी चकतीवर हात ठेवला आणि थेट गजर सुरू झाला. नंदूमामा मागे उभा होता, त्याने सांगितलं: शेवंतीबाय ताडकन उठल्या आणि ओरडल्या, “चुकलां! चुकलां! परत लावा!” लोकांना वाटलं, म्हातारीला आनंद झालाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी हात जोडले आणि परत लावलं. पुन्हा तेच. पुन्हा टाळ्या.

आयुष्यात दुसऱ्यांदा भर मंडपात निगुरी. आणि यावेळी चूक त्यांची नव्हती.

ते मिरचीचं नसलेलं पाणी इथलं.

दादर

तिसऱ्या दिवशी त्या संस्थेच्या कचेरीत गेले, दादरला. कचेरी इतकी थंड होती की मला ओढणी अंगभर घ्यावी लागली. प्रकल्प बघणारा तरुण माझ्याच वयाचा, सभ्य, दाढी नीट कोरलेली. त्याने मला पाणी दिलं, बिस्किटं दिली, ‘ताई’ म्हणाला. मला भांडायला आवडतात तशी माणसं ही नव्हेत. मला गुरगुरणारी बरी वाटतात.

“सुरुवातीचं बोलणं होतं ना, ते आम्ही ट्रिम केलंय,” तो म्हणाला. “गाणं पुढे सुरू होतं.”

“ते बोलणं नाही. गाणं तिथेच सुरू होतं.”

“पण ताल नाहीये त्यात.”

“नसणारच. गुरूचं नाव आम्ही मोकळ्यावर घेतो.”

त्याने खरंच विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग म्हणाला, “हो, पण काय होतं, लोक भिंतीशी वीस सेकंद थांबतात. नावानावात वेळ गेला तर निघून जातात.”

“गिरगावात बाई खाकरतात ते ठेवलंय. ‘दार लोटून घे’ ठेवलंय. तंबोरा जुळेपर्यंत लोक थांबतात?”

“ते ऐतिहासिक ध्वनिमुद्रण आहे, ताई.”

“आणि हे?”

“हे... एक वातावरण आहे. म्हणजे गिरणगावचा फील.”

घ्या. गिरगावातल्या बाईंचा खोकला म्हणजे इतिहास. लालबागच्या बाईचा गुरू म्हणजे कचरा. तिकडे तीन पिढ्यांची नावं पितळेत, इकडे जिवंत बाई अज्ञात. रस्ता ओलांडून विचारलं असतं तर नाव, गुरू, गाव, घावण्यासकट मिळालं असतं. गिरगावच्या आजोबांवर माझा राग नाही. ‘काही कापायचं नाही’ असं त्यांनी सांगितलं आणि यांनी ते ऐकलं. शेवंतीबायनीही सांगितलं होतं. मग कुणाचं सांगणं ऐकायचं आणि कुणाला नुसतं ‘हो आजी’ म्हणायचं, हे कोण ठरवतं? हा प्रश्न मी त्याला तसाच विचारला, जरा मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्यांनी कानातली बोंडं काढली.

शेवटी त्याने दोन गोष्टी सांगितल्या. आवाज बदलणं आता शक्य नाही, ते काम दुसऱ्या कंपनीकडे आहे, पुढच्या टप्प्यात बघू. पण पाटीवर शेवंतीबायंचं नाव नक्की घालू.

मी जिंकले असं समजून जिना उतरले. लगेच झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले आणि तिथल्याच स्टुलावर पत्रक लिहिलं. राग आला की माझा हात चांगला चालतो. मथळा: ‘शेवंती धुरी अज्ञात नाहीत!’ खाली लिहिलं की ही बाई गिरणीत राबली, हिने बाईला बंद असलेल्या मंडपात पाय ठेवला, हिचा आवाज चोरला आणि नाव पुसलं. ‘तिचं नाव तिला परत द्या!’ दुकानदार छापता छापता वाचत होता. म्हणाला, “एकदम कडक लिवलंय.” मी खूश. वर बटाटावडा खाल्ला.

पुन्हा लालबाग

चौथ्या दिवशी सकाळी मी आणि मामाने भिंतीच्या दोन्ही टोकांना पत्रकं लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटली. मसाला घेऊन निघालेल्या बायका थांबून वाचत होत्या. एक म्हणाली, “अगंबाई, ही तर आमची शेवंतीबाय!” माझी छाती फुगली.

तेवढ्यात मामाने मला कोपर मारलं. शेवंतीबाय स्वतः रस्ता ओलांडत होत्या. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच खाली उतरल्या होत्या. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, उन्हाकडे पाठ केली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली.

“ह्यात बुवा खय आसत?”

मी हातातल्या गठ्ठ्यातलं वरचं पत्रक बघितलं.

“माजां नाव चार वेळा. मोठां, काळां. बुवांचां एकदाव नाय.” त्या ओरडत नव्हत्या, तेच वाईट होतं. “माजां नाव कोणी मागलेलां गो? अज्ञात म्हणूंदेत माका. मी आसंय, माका म्हायत आसा मी आसंय. ज्याचां नाव व्हया होतां तां त्यांनी कापलां, नि तू तर लिवकच नाय. त्यांका म्हायत नव्हतां. तू तर कुडाळची.”

मामा आपल्या चपलेकडे बघत राहिला. मला माझ्या चांगल्या चालणाऱ्या हाताची लाज वाटली. दोन घावणे खाऊन, फोटोखाली बसून, सगळी हकीकत डोळे पुसत ऐकून मी काय केलं? संस्थेने केलं तेच. मला सोयीचं तेवढं घेतलं. अन्याय झालेली बाई पत्रकात शोभते. तिचा गुरू मथळ्यात मावत नव्हता. मी ट्रिम केला.

शेवंतीबायनी पत्रकाच्या चार घड्या घातल्या आणि ते माझ्या हातात दिलं. “परत लिव.”

मग त्या भिंतीकडे वळल्या. आजवर त्यांनी त्या चकतीला हात लावला नव्हता. स्वतःच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला, पायातल्या चपला काढल्या. त्या चकतीला त्याची गरज नव्हती, शेवंतीबायना होती. आणि रस्त्यावर, टेम्पोच्या भोंग्यात, मसाल्याच्या धुरळ्यात, मोकळ्यावर सूर लावला:

“धाकूबुवा घाडी माझे, त्यांच्या पायी माथा, मग देवा तुझी कथा...”

‘कथा’वर श्वास संपता संपता त्यांनी हात टेकवला आणि भिंतीतून त्यांचाच गजर उसळला. नाव आधी, गाणं मागाहून. सांधा कुठे आहे ते कळलंसुद्धा नाही. नंदूमामाचे हात आपोआप मांडीवर गेले होते, ते बरोबर वेळेवर उठले आणि त्याने भिंतीवर थाप दिली.

गजर संपला तेव्हा मसाल्याची पिशवी घेतलेली ती बाई म्हणाली, “शेवंतीबाय, काय म्हणालात आधी? परत सांगा ना.” त्यांनी सांगितलं. बाईने बेसूर, अडखळत, पण नाव नीट घेतलं आणि मग हात लावला. शेवंतीबायनी डोळे मिटले. यावेळी त्यांना काही पुटपुटावं लागलं नाही. ते त्यांच्या आधीच कुणीतरी म्हणून टाकलं होतं.

घरी परत

हे लिहितेय तेव्हा मला येऊन महिना झालाय. आमची पत्रकं दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून खरवडली गेली. ‘वारसा-भिंतीवर कागद चिकटवू नये’ अशी नवी पाटी लागली, असं मामाने फोनवर सांगितलं. ती पाटी मात्र दोन दिवसांत तयार झाली. शेवंतीबायंच्या नावाची अजून व्हायची आहे, आणि आवाजाचा ‘पुढचा टप्पा’ कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. खिडकी पुन्हा बंद असते.

आमच्या बाजारातल्या भिंतीबद्दल मी गटाला लिहून दिलं: सुरुवात कुठे होते हे गाणाऱ्याला विचारून, तिथपासूनच वाजवणार असतील तर हो. नाहीतर चुना लावा आणि गप्प बसू द्या. पत्रकही परत लिहिलंय. त्यात पहिलं नाव कुणाचं, ते तुम्ही या लेखाच्या पहिल्या ओळीत वाचलंय.

आता तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही कधीतरी मुंबईला जाल. कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, काहीतरी निघेलच. लालबागला जा, ती भिंत सापडेल. हिरव्या लुगड्यातली बाई दिसेल, आणि तुमचा हात चकतीकडे जाईल. तो तिथेच थांबवा. पलीकडच्या तिसऱ्या माळ्यावर एक म्हातारी दिवसभर कान देऊन बसलीय, आणि तिला दरवेळी उशीर होतोय. तो उशीर तुम्ही वाचवू शकता, ना संस्था लागते, ना कंपनी. गाता येत नसेल तर नुसतं बोला, पण तिसऱ्या माळ्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.

धाकूबुवा घाडी. म्हणा. मग हात लावा.